कॅव्हेलियर : सोशिक स्वभाव आणि आजारी हृदय

ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ या कुत्र्यांची सध्या चालते तशी पैदास करणे हा त्या देशाच्या प्राणी कल्याण कायद्याचा भंग आहे. आपल्याकडे कुत्र्यांच्या जातीवर बंदी म्हटले की डोळ्यांसमोर अंगावर धावून जाणारे कुत्रे येतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींबद्दल राज्यांना जे पत्र पाठवले होते, आणि जे पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, त्यात पिटबुल, रॉटवायलर अशीच नावे होती. कॅव्हेलियरची ख्याती याच्या नेमकी उलट आहे. हा लहानखुरा, रेशमी केसांचा, लांब कानांचा कुत्रा जगातील सर्वांत प्रेमळ कुत्र्यांमध्ये गणला जातो, आणि म्हणूनच हा निकाल वाचून अनेकांना प्रश्न पडला की याने कोणाचे काय बिघडवले. त्याने कोणाचेच काही बिघडवलेले नाही. त्याचेच बिघडवले गेले आहे, असे न्यायालयाचे म्हणणे आहे.

न्यायालयाने नेमके काय रोखले

नॉर्वेच्या २००९ च्या प्राणी कल्याण कायद्यातील २५ वे कलम सांगते की पैदास अशी असावी जिच्यातून धडधाकट, निरोगी प्राणी जन्माला येतील, आणि प्राण्यांच्या शारीरिक किंवा मानसिक क्षमतेवर वाईट परिणाम करणारे आनुवंशिक गुण तिच्यातून पुढे जाऊ नयेत. या कलमाच्या आधारे तेथील एका प्राणी संरक्षण संस्थेने केनेल क्लब, म्हणजे शुद्ध जातीच्या कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारी संस्था, तसेच जातींचे क्लब आणि काही ब्रीडर यांच्याविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉग या दोन्ही जातींबाबत संस्थेच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने बुलडॉगच्या ब्रीडरना मोकळे केले, पण कॅव्हेलियरबाबतचा निर्णय कायम ठेवला. आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

घरात असलेला कॅव्हेलियर पाळण्यावर कोणतीही बंदी नाही. आक्षेप आहे तो आजाराचे ओझे वाहणाऱ्या एकाच बंदिस्त वंशातून पुढची पिढी काढत राहण्यावर.

मांडीवर बसणारा शिकारी

उंची साधारण ३० ते ३३ सेंटिमीटर आणि वजन साडेपाच ते आठ किलो, म्हणजे सोसायटीच्या लिफ्टमध्ये काखेत धरून नेता येईल एवढा हा कुत्रा असतो. रंग चारच मान्य आहेत: पांढऱ्यावर तांबूस ठिपके असलेला ‘ब्लेनहाइम’, तीन रंगांचा, संपूर्ण तांबडा, आणि काळा व बदामी. स्पॅनियल हे मूळचे झुडपांतून पक्षी उठवणारे शिकारी कुत्रे. त्यांच्यातील लहान आकाराचे कुत्रे इंग्लंडमधील सरदार घराण्यांनी निवडून सोबतीसाठी वाढवले. सोळाव्या शतकातील इंग्लिश वैद्य जॉन केयस याने या छोट्या स्पॅनियलांचे वर्णन करताना, पोटाशी धरल्यास ते पोटदुखी कमी करतात, असा समज नोंदवून ठेवला आहे. १६६० ते १६८५ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या चार्ल्स राजाला त्यांचे इतके वेड होते की नौदल खात्यातील अधिकारी सॅम्युएल पेपिस याने सप्टेंबर १६६७ मध्ये आपल्या रोजनिशीत तक्रार लिहिली: राजा सारा वेळ कुत्र्याशी खेळत बसला आणि कामाकडे त्याचे लक्ष नव्हते. जातीच्या नावातला चार्ल्स तो हाच.

थोडक्यात, सुमारे चारशे वर्षे या कुत्र्याकडून माणसाजवळ बसण्याखेरीज फारसे दुसरे काम कोणी मागितलेले नाही, आणि त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

स्वभाव घरात कसा दिसतो

दाराची बेल वाजली की कॅव्हेलियर दाराकडे धावतो, एखाद्‌ वेळी भुंकतोही, पण दार उघडताच शेपटी हलवत कुरियरवाल्याच्या पायांत घोटाळतो. राखणदार म्हणून तो निरुपयोगी आहे आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तो माणसाच्या मागोमाग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, न्हाणीघराचे दार लावले तर उंबऱ्याशी नाक टेकून बसून राहतो, आणि सोफ्यावर जागा असली तरी शेजारी न बसता अंगावर रेलतो. लहान मुलांनी कान ओढले तरी गुरगुरण्याऐवजी उठून दुसरीकडे जाण्याकडे त्याचा कल असतो. घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर बहुधा जमवून घेतो. इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत रुग्णांच्या भेटीसाठी नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये कॅव्हेलियर पुष्कळ दिसतात ते यामुळेच.

या गोडव्याला दुसरी बाजूही आहे. ज्याला माणसावाचून करमत नाही त्याला एकटे राहणे जड जाते. नवरा-बायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतणार असतील, तर त्या घरात हा कुत्रा दिवसभर कण्हेल, दार खरवडेल, नको तिथे घाण करेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. शिकारी पूर्वजांचे नाकही त्याच्यात शाबूत आहे. रस्त्यापलीकडे कबुतर दिसले की समोरून येणारी रिक्षा त्याला दिसत नाही, त्यामुळे मोकळे सोडून फिरवण्याचा हा कुत्रा नव्हे. शिकवणे सोपे, कारण खाऊसाठी तो काहीही करतो. पण जेवणाऱ्याकडे तो ज्या डोळ्यांनी पाहतो त्याला घरातले आजी-आजोबा हमखास बळी पडतात आणि कुत्रा वर्षभरात लठ्ठ होतो. आजारी हृदयाच्या जातीला हा लाड परवडणारा नाही.

पण प्रत्येक कॅव्हेलियर असाच निघेल का

एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी वर्तनाविषयीच्या प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि त्यांपैकी २,१५५ कुत्र्यांच्या जनुकांचे वाचन झाले होते. कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकापैकी केवळ सुमारे ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. माणसाचे ऐकण्याची, शिकवण घेण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात अधिक जोडलेली दिसली. कुत्रा किती चटकन चिडेल, हे मात्र जातीवरून जवळजवळ ओळखता येत नाही.

याचा अर्थ आनुवंशिकतेला महत्त्व नाही असा नाही. माणसात मिसळण्याची ओढ बरीचशी जन्मजात असते. पण ती एकाच जातीची मक्तेदारी नसून अनेक जातींमध्ये आणि आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्येही कमीजास्त प्रमाणात विखुरलेली असते. आईबापांचा स्वभाव, पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाला दिसलेली माणसे आणि ऐकू आलेले आवाज, आणि पुढे घरात मिळालेली वागणूक यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे ‘कॅव्हेलियर आहे म्हणजे चावणार नाही’ हे विधान जाहिरातीत ठीक आहे, खोलीत रांगते मूल असताना नव्हे.

नाकासाठी लावलेले बक्षीस

आजचा कॅव्हेलियर दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कुत्र्यापासून थेट खाली उतरलेला आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात पगसारख्या आशियाई कुत्र्यांशी संकर होऊन या स्पॅनियलांचे नाक चपटे आणि डोके घुमटासारखे गोल झाले. ती जात आजही ‘किंग चार्ल्स स्पॅनियल’ या वेगळ्या नावाने आहे. १९२६ मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाचा अमेरिकन गृहस्थ इंग्लंडमध्ये आला, त्याला जुन्या चित्रांतले लांब नाकाचे स्पॅनियल कुठेच सापडेनात, तेव्हा त्याने क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात जुन्या धाटणीच्या सर्वोत्तम नराला आणि मादीला प्रत्येकी २५ पौंडांचे बक्षीस जाहीर केले. ‘अ‍ॅन्स सन’ नावाच्या कुत्र्याने ते लागोपाठ पटकावले, १९२८ मध्ये त्यालाच नमुना धरून जातीचे मानक लिहिले गेले, आणि १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने कॅव्हेलियरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी काही हौशी माणसांनी मोजक्या कुत्र्यांतून ही जात नव्याने घडवली. त्यातच दुसरे महायुद्ध आले. अन्नटंचाईत अनेकांनी कुत्रे पाळणे सोडले, आणि युद्धानंतर उरलेल्या मूठभर कुत्र्यांपासून पुढचा सारा पसारा वाढला. आजच्या कॅव्हेलियरांची वंशावळ मागे नेली तर ती सहा कुत्र्यांपाशी येऊन थांबते असे सांगितले जाते. इथे वंशनोंदवही महत्त्वाची ठरते. ज्या पिल्लाचे आई आणि बाप दोघेही नोंदवहीत आहेत त्यालाच नोंद मिळते, बाहेरचे रक्त आत येऊ शकत नाही. परिणामी प्रत्येक जोडी कमीअधिक नात्यातलीच असते, आणि मूळच्या मूठभर कुत्र्यांपैकी एखाद्याच्या जनुकांत दोष असेल तर तो पिढ्यांमागून पिढ्या साऱ्या जातीत पसरतो. प्रदर्शनात जिंकलेल्या नराला सगळ्यांकडून मागणी असते, त्याने हा वेग आणखी वाढतो. २०२१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी आठ जातींच्या कुत्र्यांची जनुके तपासली, तेव्हा कॅव्हेलियरमध्ये हानिकारक बदलांचे ओझे इतरांपेक्षा जास्त आढळले.

हृदयात काय बिघडते

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा असे दोन कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये मायट्रल नावाची झडप असते. रक्त वरून खाली जावे, उलटे येऊ नये, एवढेच तिचे काम. कॅव्हेलियरमध्ये ही झडप अकाली जाड आणि वेडीवाकडी होते व नीट मिटत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह झिजला की पाइपात चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते आणि तेवढीच टाकी भरायला मोटार जास्त वेळ चालवावी लागते. हृदयाचेही तसेच होते, ते जास्त राबते, हळूहळू फुगते, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचू लागते. डॉक्टरांना नळीतून ठोक्यांबरोबर एक जादा फुसफुस ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात.

लहान आकाराच्या बहुतेक जातींना म्हातारपणी हा आजार होतो, मग कॅव्हेलियरचेच नाव का, असा आक्षेप घेतला जातो. फरक वयाचा आणि प्रमाणाचा आहे. साधारण पाचव्या वर्षापर्यंत निम्म्या कॅव्हेलियरांमध्ये आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्वांमध्ये झडपेचा आजार दिसतो. सर्वच त्याने लवकर मरतात असे नाही. मर्मर ऐकू आल्यावरही कित्येक कुत्रे वर्षानुवर्षे मजेत जगतात. हृदय फुगू लागलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध दिल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी १५ महिन्यांनी पुढे ढकलता येते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. घरच्या घरी लक्ष ठेवण्यासारखी खूण एकच आहे: कुत्रा गाढ झोपेत असताना मिनिटाला त्याचे श्वास मोजावेत, आणि ते वारंवार तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

दुखणे जेव्हा स्वभाव वाटते

दुसरा आजार कवटीचा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म त्यातच आहे. या जातीत कवटीचा मागचा भाग मेंदूच्या मानाने तोकडा असतो. त्यामुळे मेंदूचा मागील भाग कवटीच्या खालच्या छिद्रात दाबला जातो, मेंदू व मज्जारज्जूभोवती फिरणाऱ्या पाण्याची वाट अडते, आणि कालांतराने मज्जारज्जूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. या पोकळ्यांच्या विकाराला सिरिंगोमायेलिया म्हणतात. वरवर कोणतेही लक्षण नसलेल्या ५५५ कॅव्हेलियरांचे एमआरआय काढले तेव्हा एक वर्षाच्या कुत्र्यांपैकी २५ टक्क्यांत आणि सहा वर्षांवरील कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांत या पोकळ्या आढळल्या, असे २०११ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले.

पोकळी असलेल्या प्रत्येकाला वेदना होतातच असे नाही. पण ज्यांना होतात त्यांचे वागणे पाहण्यासारखे असते. कुत्रा चालता चालता थांबतो आणि मागचा पाय मानेजवळ हवेतच हलवून खाजवल्यासारखे करतो, पाय कातडीला लागतही नाही. गळ्यातला पट्टा त्याला सोसत नाही. उचलताना एकदम किंकाळी फोडतो. झोपताना डोके उशीवर किंवा सोफ्याच्या हातावर उंच ठेवतो. आणि पुष्कळदा तो यांपैकी काहीच न करता फक्त खेळायचे कमी करतो, जिने टाळतो, एका जागी पडून राहतो. घरची माणसे म्हणतात, आता समजूतदार झाला, शांत झाला.

सोशिक स्वभावाच्या प्राण्याबाबत हीच मोठी अडचण असते. वेदना झाली की चावणारा कुत्रा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेला जातो; निमूट पडून राहणाऱ्याचे मात्र कौतुक होते. लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी २०१२ मध्ये चपट्या नाकाच्या आजाराने ग्रस्त कुत्र्यांच्या मालकांना विचारले, तेव्हा घोरणे, धाप लागणे ही लक्षणे स्वतः सांगूनही ५८ टक्के मालक म्हणाले की आपल्या कुत्र्याला श्वासाचा त्रास नाही. ही माणसे निष्ठुर नव्हेत. त्या जातीत ते असतेच, असे त्यांनी मानून घेतलेले असते.

तपासण्या करून भागणार नाही का

काही प्रमाणात भागते. या जातीत अचानक ताठरून पडण्याचा एक विकार आणि कोरडे डोळे व कुरळे केस असा दुसरा विकार, हे दोन्ही एकेका जनुकामुळे होतात, त्यामुळे साध्या डीएनए चाचणीने वाहक कुत्रे ओळखून त्यांची जोडी टाळता येते. हृदयाच्या बाबतीत एका जनुकावर बोट ठेवता येत नाही, म्हणून तेथे वय हाच निकष घ्यावा लागतो: आई-बाप अडीच वर्षांचे होईपर्यंत त्यांची वीण घ्यायची नाही, तोवर त्यांचे हृदय स्वच्छ हवे, आणि त्यांच्याही आई-बापांचे हृदय पाचव्या वर्षी स्वच्छ असल्याचा दाखला हवा. डेन्मार्कच्या केनेल क्लबने हृदयतपासणी सक्तीची केली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्या योजनेतून आलेल्या कुत्र्यांमध्ये झडपेच्या आजाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ‘काहीच होऊ शकत नाही’ म्हणणाऱ्यांना ती चांगले उत्तर आहे.

तरीही एक पेच उरतो. हृदयामुळे काही कुत्रे बाद, कवटीमुळे आणखी काही बाद, असे करत गेलो की आधीच लहान असलेला गट अधिकच आक्रसतो आणि उरलेल्यांमध्ये नाते आणखी जवळचे होते. म्हणूनच दुसऱ्या जातीचे रक्त शास्त्रशुद्ध पद्धतीने आत आणावे, असा आग्रह धरला जातो.

संकर केला तर तो कॅव्हेलियर कसला

हा आक्षेप सर्वांत जोरात घेतला जातो, आणि मला तो सर्वांत कमकुवत वाटतो. जी जात १९२६ च्या बक्षिसानंतर, हव्या त्या नाकाचे कुत्रे निवडून घडवली गेली, तिच्या शुद्धतेला हात लावायचा नाही असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. डाल्मेशियन जातीत लघवीतील युरिक आम्लाचा दोष सर्वच कुत्र्यांत पसरलेला होता. १९७३ मध्ये अमेरिकेत एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर करून, पुढच्या सर्व पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडून, तो दोष नसलेले आणि दिसायला अस्सल डाल्मेशियन असलेले कुत्रे मिळवले गेले. अमेरिकन केनेल क्लबने मात्र त्यांना नोंद द्यायला २०११ उजाडले. तो दोष एकाच जनुकाचा होता, कॅव्हेलियरचे हृदय आणि कवटी तशी नाहीत, त्यामुळे येथे काम अधिक वेळखाऊ होईल हे मान्य करायला हवे. स्वभावाचे म्हणाल तर मनमिळाऊपणा एका जातीपुरता नसल्याने, दुसऱ्या मनमिळाऊ छोट्या जातीशी संकर केल्यास तो नाहीसा होण्याचे कारण दिसत नाही.

बाजारात ‘कॅव्हापू’ या नावाने मिळणारे कॅव्हेलियर-पूडल संकर मात्र या उपायात मोडत नाहीत. आई-बापांच्या हृदयाची तपासणीच झालेली नसेल तर पिल्लाची निम्मी जनुके त्याच दुखणाईत वंशातून येतात, आणि लहान पूडलांनाही झडपेचा आजार होतो.

आपल्याकडे हे कोठे लागू पडते

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये शिह त्झू, पग आणि पॉमेरेनियन यांच्या तुलनेत कॅव्हेलियर कमीच दिसतो, पण ‘पेपरवाले पिल्लू’ या शब्दाची भुरळ सर्वच जातींच्या ग्राहकांना सारखी आहे. पेपर म्हणजे वंशावळीची नोंद. पिल्लाचे आजोबा कोण हे तिच्यातून कळते, आजोबांचे हृदय कसे होते हे नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू न विकणे बंधनकारक आहे. आई-बापांच्या हृदयाचा अहवाल ग्राहकालाच मागावा लागतो, आणि तो मागितल्यावर ब्रीडरने विषय बदलला तर तिथून पिल्लू घेऊ नये.

ज्यांच्या घरी कॅव्हेलियर आधीच आहे त्यांच्या उपयोगाची एक बाब इथे सांगतो. या जातीतील अनेक कुत्र्यांच्या रक्तात प्लेटलेट जन्मतः संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असतात, आणि त्याचा त्यांना काहीच त्रास नसतो. आपल्याकडे गोचिडतापात प्लेटलेट घसरतात, त्यामुळे यंत्रावर मोजलेला आकडा पाहून लगेच त्या तापाचे उपचार सुरू होण्याचा संभव असतो. अहवालात प्लेटलेट कमी आल्या आणि कुत्रा खात-पीत, खेळत असेल, तर डॉक्टरांना त्याची जात आवर्जून सांगावी आणि काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करावी.